गॅस्केट म्हणजे काय, आणि ते न गळता बसवायचं कसं

लेथवर कातलेल्या फ्लँजचं, म्हणजे पाइपच्या टोकाला असलेल्या, बोल्टने जोडायच्या चकतीचं, तोंड हाताला गुळगुळीत लागतं. तरी त्यावर हत्याराच्या टोकाने उमटवलेल्या बारीक गोल रेघा असतात. पाइपलाइनच्या नेहमीच्या फ्लँजवर तर त्या मुद्दाम ठेवलेल्या असतात आणि त्यांचा खडबडीतपणा साधारण 3.2 ते 6.3 मायक्रॉन असतो. अशी दोन धातूची तोंडं एकमेकांवर कितीही दाबली तरी मध्ये बारीक फटी राहतात आणि पाणी, वाफ, तेल, वायू त्यातून वाट काढतात. त्या दोन तोंडांमध्ये घालायचा, त्यांच्यापेक्षा मऊ असा थर म्हणजे गॅस्केट. बोल्ट आवळले की तो दाबला जातो, रेघांमध्ये शिरतो आणि वाट बुजवतो.

यातला कळीचा भाग दाबाचा आहे. गॅस्केट स्वतःहून काहीच अडवत नाही. बोल्टने त्यावर टाकलेला आणि पुढे महिनोन्‌महिने टिकून राहिलेला दाब गळती अडवतो. फ्लँज, गॅस्केट आणि बोल्ट या तिघांचा मिळून एक सांधा होतो. एकाने दगा दिला की उरलेले दोघे कितीही चांगले असले तरी उपयोग नाही. सांधा गळला की सगळे आधी गॅस्केटच्या शीटला दोष देतात, पण बऱ्याचदा शीट ठीक असते आणि आवळण्यात गडबड झालेली असते. म्हणूनच या लेखात आवळण्यावर सर्वांत जास्त भर दिला आहे.

गॅस्केट कशाला म्हणायचं, कशाला नाही

वर्कशॉपमध्ये सगळ्याच सीलना सरसकट 'पॅकिंग' म्हणतात. एकमेकांशी बोलताना ते चालतं, पण सामान मागवताना घोळ होतो. गॅस्केट दोन स्थिर तोंडांमध्ये बसतं, म्हणजे फ्लँज, सिलिंडर हेड, पंपाचं कव्हर, मॅनहोलचं झाकण, कुकरचं झाकण अशा ठिकाणी. फिरणाऱ्या शाफ्टभोवतीची गळती अडवायला ऑइल सील, मेकॅनिकल सील किंवा ग्लँड पॅकिंग लागतं. ग्लँड पॅकिंग म्हणजे व्हॉल्वच्या दांड्याभोवती किंवा पंपाच्या शाफ्टभोवती भरायची चौकोनी दोरी. ओ-रिंग दोन्हीकडे चालते, पण तिला खाच लागते. सपाट फ्लँजवर नुसती ओ-रिंग ठेवून काम भागत नाही.

घरातही गॅस्केट जागोजागी असतं. फ्रीजच्या दाराभोवतीची चुंबक घातलेली रबरी पट्टी, नळाच्या जोडातलं वॉशर, मिक्सरच्या भांड्याच्या तळाशी पात्याजवळ बसणारी रिंग, ही सगळी गॅस्केटच. फ्रीजची पट्टी तपासायची असेल तर कागदाचा एक कपटा दारात धरून दार लावा आणि ओढून पाहा. कुठेही अडथळा न येता निघून आला तर तिथे पट्टी टेकत नाही.

पायरी पहिली: कामाची माहिती गोळा करा

शीट निवडण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहा. पाइपमधून काय वाहतं, त्याचं जास्तीत जास्त आणि कमीत कमी तापमान किती, जास्तीत जास्त दाब किती, आणि फ्लँज कुठल्या प्रकारची आहे. पहिल्या तीन गोष्टींत नेहमीचा आकडा न लिहिता सर्वांत वाईट वेळचा आकडा लिहा. लाइन एरवी 60 अंशांवर चालत असेल आणि सफाईच्या वेळी तिच्यात वाफ सोडत असतील, तर गॅस्केट वाफेच्या हिशोबानेच घ्यायचं. दाब आणि तापमान एकत्र पाहायचे असतात हेही लक्षात ठेवा. शीटच्या माहितीपत्रात कमाल दाब आणि कमाल तापमान वेगवेगळे छापलेले असतात, पण दोन्ही एकाच वेळी सोसण्याची हमी त्यात नसते. त्यासाठी त्याच माहितीपत्रातला दाब-तापमानाचा आलेख पाहा.

फ्लँजचा प्रकार अनेकजण पाहतच नाहीत. मधला भाग उंच असलेल्या रेझ्ड फेस फ्लँजला बोल्टच्या वर्तुळाच्या आत बसणारं रिंग गॅस्केट लागतं. संपूर्ण तोंड सपाट असलेल्या फ्लॅट फेस फ्लँजला बोल्टची भोकं असलेलं पूर्ण तोंडाचं गॅस्केट लागतं, विशेषतः फ्लँज बिडाची असेल तर. बिडाच्या सपाट फ्लँजवर छोटं रिंग गॅस्केट घालून जोरात आवळलं की फ्लँजची कड आत वाकायला पाहते. बीड वाकत नाही, सरळ तडकतं. मग पंपाचं आख्खं केसिंग बदलावं लागतं.

पायरी दुसरी: साहित्य निवडा

कागद आणि कॉर्क हे जुने प्रकार. गिअर बॉक्सचं झाकण, कार्ब्युरेटर, ऑइल सम्प (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) अशा कमी दाबाच्या, तेलकट आणि फार न तापणाऱ्या जागी अजूनही चालतात. कॉर्क ठिसूळ होतं, म्हणून हल्ली रबर मिसळलेलं कॉर्क वापरतात.

रबरात मात्र नीट लक्ष घाला, कारण काळं रबर दिसायला सगळं सारखंच. नायट्राइल रबर तेल, डिझेल, ग्रीस सोसतं आणि साधारण 100 अंशांपर्यंत चालतं. ईपीडीएम गरम पाणी, वाफ, ऊन, ओझोन यांना उत्तम तोंड देतं, पण खनिज तेल लागलं की फुगून मऊ पडतं. ही दोन रबरं एकमेकांच्या जागी टाकणं ही रबराच्या बाबतीत सर्वाधिक होणारी चूक आहे. गरम पाण्याच्या लाइनवर नायट्राइल टाकलं तर ते कडक होऊन तडकतं, तेलाच्या लाइनवर ईपीडीएम टाकलं तर त्याचा लगदा होतो. सिलिकॉन तापमान भरपूर सोसतं, साधारण उणे 60 ते 200 अंश, पण ते फाटतं लवकर, आणि दाबाच्या वाफेत टिकत नाही. व्हिटॉन तेल, इंधन आणि 200 अंशांपर्यंतची उष्णता सोसतं. ते महाग आहे, पण जिथे खरंच लागतं तिथे दुसरं काही चालत नाही.

रबराची सगळी करामत त्याच्या उसळीत आहे. दाबलेलं रबर परत वर यायला धडपडतं, म्हणून फट थोडी हलली तरी सील टिकतं. थंडीत ही उसळी मंदावते. 28 जानेवारी 1986 ला चॅलेंजर यान उड्डाणानंतर 73 सेकंदांत नष्ट झालं आणि सातही अंतराळवीर गेले. त्यामागे घन इंधनाच्या रॉकेटच्या सांध्यातल्या रबरी ओ-रिंग होत्या. त्या दिवशी तापमान सुमारे 2 अंश सेल्सिअस होतं आणि सांधा उघडायला लागल्यावर थंड रबर वेळेत मागे उसळलं नाही. चौकशी आयोगाच्या सुनावणीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा चिमटीत दाबलेला तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून हे सगळ्यांसमोर दाखवलं. साध्या कामातही कमाल तापमानासोबत किमान तापमान लिहून ठेवायचं ते यासाठीच.

दाब आणि उष्णता वाढली की रबराच्या पलीकडे जावं लागतं. कारखान्यातल्या पाणी, तेल, कमी दाबाच्या वाफेच्या लाइनसाठी तंतू आणि रबर दाबून केलेली नॉन-अ‍ॅस्बेस्टॉस शीट सर्रास वापरतात. आम्ल, अल्कली आणि खाद्यपदार्थांच्या कामाला पीटीएफई, म्हणजे बोलीतलं टेफ्लॉन. ते 260 अंशांपर्यंत चालतं आणि जवळपास कशानेही खराब होत नाही, पण दाबाखाली हळूहळू सरकतं, पसरतं. त्यामुळे साध्या टेफ्लॉनच्या सांध्याचे बोल्ट काही दिवसांत ढिले पडलेले आढळतात. या सरकण्यावर उतारा म्हणून भरणी घातलेलं किंवा ताणून सच्छिद्र केलेलं टेफ्लॉन मिळतं, तेच घ्या. ग्राफाइट वाफेसाठी आणि मोठ्या तापमानासाठी फार चांगलं. हवेच्या संपर्कात मात्र ते साधारण 450 अंशांपलीकडे हळूहळू जळत जातं.

जास्त दाबाच्या कामाला स्पायरल वूंड गॅस्केट लागतं. स्टेनलेस स्टीलची पातळ, खाच पाडलेली पट्टी आणि ग्राफाइटची किंवा टेफ्लॉनची पट्टी एकमेकींसोबत गुंडाळून ते करतात. स्टीलमुळे स्प्रिंगचा गुण येतो, मऊ भरणीमुळे सील होतं. बाहेरची धातूची रिंग गॅस्केट मध्यावर ठेवते आणि ते फार चेपू देत नाही. त्या रिंगच्या कडेवर रंग असतो, तो वाचायला शिका. अमेरिकन मानक एएसएमई बी16.20 नुसार पिवळा म्हणजे 304 स्टील, हिरवा म्हणजे 316एल. भरणीचे पट्टे करडे असतील तर ग्राफाइट, पांढरे असतील तर टेफ्लॉन. स्टोअरमध्ये चिठ्ठी हरवलेल्या गॅस्केटची ओळख या रंगांवरून पटते. याच्याही पलीकडे, खूप दाबाच्या तेल-वायूच्या कामाला रिंग टाइप जॉइंट असतो. त्यात धातूची भरीव रिंग फ्लँजच्या खाचेत बसते. रिंगचा धातू फ्लँजपेक्षा मऊच हवा, नाहीतर रिंगच्या ऐवजी फ्लँजची खाच चेपते.

जाडी: शंका असेल तर पातळ

गळती थांबत नाही म्हणून जाड गॅस्केट घालणं हा फार रुळलेला समज आहे, आणि मला तो पूर्ण चुकीचा वाटतो. जाड गॅस्केट जास्त सरकतं, त्याची आतली कड जास्त उघडी राहते, आणि आतला दाब त्याच कडेवर ढकलत असतो. फ्लँज सपाट आणि सरळ असेल तर 1.5 मिलिमीटर पुरे. जाड शीटची गरज पडते ती वाकड्या किंवा खड्डे पडलेल्या जुन्या फ्लँजवर, आणि तिथेही खरा इलाज फ्लँज पुन्हा कातून घेणं हाच आहे. दोन गॅस्केट एकावर एक ठेवणं तर कधीच नको. दोन्हींच्या मध्ये आणखी एक निसरडी फट तयार होते.

पायरी तिसरी: शीटमधून गॅस्केट कापणं

तयार मिळत असेल तर तयारच घ्या. कापावंच लागलं तर मापं घेऊन कापा. फ्लँजवर शीट ठेवून कडेने हातोडीने ठोकत गॅस्केट उमटवण्याची पद्धत अजून खूप ठिकाणी आहे. त्यात फ्लँजची धार दबते आणि शीटमधले तंतू तुटतात. त्याऐवजी फ्लँजची आतली व्यास, बाहेरची व्यास आणि बोल्टच्या वर्तुळाची व्यास व्हर्नियरने मोजा आणि कंपासने शीटवर आखा. भोकं आधी पाडा, कडा नंतर कापा. आधी कडा कापल्या तर पंच मारताना पातळ भाग फाटतो. भोकांसाठी धारदार पोकळ पंच घ्या आणि खाली लाकडाचा ठोकळा किंवा जाड रबर ठेवा. भोक बोल्टपेक्षा मिलिमीटर-दोन मिलिमीटर मोठं असू द्या, बोल्ट शीटला घासता कामा नये. आतलं भोक पाइपच्या छिद्रापेक्षा लहान राहिलं तर गॅस्केटची कड प्रवाहात लोंबते, झिजते आणि तिचे तुकडे पुढे व्हॉल्वमध्ये जाऊन अडकतात.

उरलेली शीट आडवी, सावलीत, कोरड्या जागी ठेवा. रबरी गॅस्केट खिळ्याला टांगली की टांगलेल्या जागी ताणून चीर पडते.

पायरी चौथी: जुना सांधा उघडणं

लाइन बंद केली, निचरा केला, दाबमापक शून्यावर आला, एवढ्यावर समाधान मानू नका. दाबमापकाची बारीक नळी गाळाने तुंबलेली असू शकते. निचऱ्याचा किंवा हवेचा व्हॉल्व उघडून काही बाहेर येत नाही हे डोळ्यांनी पाहा. मग आपल्यापासून लांबचे बोल्ट आधी ढिले करा, म्हणजे आत काही अडकलं असेल तर ते पलीकडे उडेल. नट आट्यांवरून पूर्ण काढू नका. आधी सगळे दोन-तीन फेरे ढिले करा, सांधा सुटल्याची खात्री करा, मगच काढा.

जुन्या यंत्रांवर करड्या, तंतुमय शीटचं गॅस्केट चिकटलेलं असेल तर ते अ‍ॅस्बेस्टॉसचं असू शकतं. युरोपीय संघात 2005 पासून अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी आहे, पण जुन्या सांध्यांत ते अजून आहे. त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेले तर कित्येक वर्षांनी जीवघेणे आजार होतात. असं गॅस्केट कोरडं खरवडू नका, त्यावर वायर ब्रश किंवा ग्राइंडर चालवू नका, हवेच्या झोताने साफ करू नका. शंका असेल तिथे काम थांबवा, नमुना तपासून घ्या आणि अ‍ॅस्बेस्टॉस काढण्याचं प्रशिक्षण असलेल्या माणसांना बोलवा.

पायरी पाचवी: तोंड साफ करणं आणि तपासणं

पितळी स्क्रेपर आणि पितळी ब्रश वापरा. स्टीलचा स्क्रेपर मऊ फ्लँजवर ओरखडे काढतो. इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियम हेडवर फिरत्या घासणाऱ्या चकत्या लावू नका. धातू असमान झिजतो आणि घासण्याची पूड तेलातून बेअरिंगपर्यंत पोहोचते.

मग उजेड तिरपा पाडून तोंड पाहा आणि नखाने चाचपा. ओरखडा किती मोठा आहे त्यापेक्षा तो कुठल्या दिशेने गेला आहे हे महत्त्वाचं. गोलाकार, रेघांच्या दिशेने गेलेला ओरखडा बहुतेक वेळा चालून जातो. आतून बाहेर, आडवा गेलेला ओरखडा ही गळतीची तयार नाली आहे, मग तो केसाएवढा बारीक का असेना. तसा ओरखडा दिसला तर फ्लँज कातून घ्या. सपाटपणा पाहायला स्ट्रेट एज (सरळ धारेची पट्टी) आडवी, उभी आणि तिरपी ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) सरकवा.

दोन फ्लँज एकमेकींसमोर सरळ येतात का हेही याच वेळी पाहा. बोल्ट हाताने भोकांतून जायला हवेत. पहारीने पाइप ओढून, बोल्टने खेचून जोडलेला सांधा सुरुवातीपासूनच वाकड्या ताणाखाली असतो. पाइपचा आधार दुरुस्त करा.

पायरी सहावी: बोल्ट, आणि 0.04 मिलिमीटरचा हिशोब

इथे थोडं गणित करूया. समजा रिंग गॅस्केटची आतली व्यास 90 आणि बाहेरची 130 मिलिमीटर आहे. क्षेत्रफळ सुमारे 6,900 चौरस मिलिमीटर. ही शीट नीट बसायला प्रत्येक चौरस मिलिमीटरला 30 न्यूटन दाब लागतो असं धरलं, तर बोल्टनी मिळून साधारण 2,07,000 न्यूटन, म्हणजे 21 टनांच्या आसपास जोर लावायला हवा. आता लाइनमध्ये 10 बारचा दाब आहे आणि तो गॅस्केटच्या मधल्या, 110 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर काम करतो असं माना. फ्लँज उघडू पाहणारा जोर होतो जेमतेम 9,500 न्यूटन, एक टनाहून थोडा कमी. म्हणजे बोल्टचा बहुतेक जोर गॅस्केट बसवण्यातच लागतो. 'लाइनला दाबच कमी आहे, फार आवळायची गरज नाही' हे म्हणणं म्हणून टिकत नाही.

आठ बोल्ट असतील तर प्रत्येकावर 26,000 न्यूटन येतात. एम16 बोल्टला एवढा जोर सहज झेपतो. पण या जोराने 50 मिलिमीटर लांबीचा बोल्ट ताणतो किती? सुमारे 0.04 मिलिमीटर, कागदाच्या जाडीच्याही निम्मा. सांध्याचं सगळं बळ या एवढ्याशा ताणात साठवलेलं असतं. गॅस्केट 0.02 मिलिमीटरने सरकलं, किंवा नटाखालचा रंगाचा थर तेवढा दबला, की निम्मा जोर गेला. नटाखालचा रंग खरवडून काढायचा, कडक वॉशर घालायचं, पातळ गॅस्केट घ्यायचं, थोड्या वेळाने पुन्हा आवळायचं, हे सगळं या आकड्यातून येतं.

बोल्टच्या आट्यांना आणि नटाच्या टेकणाऱ्या तोंडाला वंगण लावा. पान्यावर लावलेल्या बळापैकी साधारण 90 टक्के घर्षणात खर्च होतं, बोल्ट ताणायला जेमतेम 10 टक्के मिळतं. त्यामुळे घर्षण थोडं बदललं तरी बोल्टचा जोर खूप बदलतो. वरच्या उदाहरणात कोरड्या बोल्टला अंदाजे 83 न्यूटन-मीटर टॉर्क (पान्याने फिरवण्याचा जोर) लागेल, नीट वंगण लावलेल्याला 62 च्या आसपास. तक्त्यातला टॉर्क कोरड्या बोल्टचा आहे की वंगण लावलेल्याचा हे न पाहता आवळलं तर सांधा ढिला तरी राहतो किंवा गॅस्केट चेपलं तरी जातं. गंजलेले, ताणलेले, आटे मेलेले बोल्ट फेकून द्या.

गॅस्केटला मात्र ग्रीस, तेल, वंगणाची पेस्ट काहीही लावू नका. गॅस्केटला जागेवर धरून ठेवायला फ्लँजशी असलेलं घर्षणच मदत करतं. ग्रीस लावलं की दाबाखाली ते बाहेर घसरतं, आणि रबर असलेल्या शीटला ग्रीस खातंही.

पायरी सातवी: आवळणं

गॅस्केट मध्यावर ठेवा, सगळे नट हाताने बसवा आणि खडूने बोल्टना आकडे घाला. आठ बोल्ट असतील आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने 1 ते 8 आकडे घातले असतील, तर क्रम 1, 5, 3, 7, 2, 6, 4, 8. पहिल्या फेरीत ठरलेल्या टॉर्कच्या 30 टक्के, दुसऱ्या फेरीत 70 टक्के, तिसऱ्या फेरीत 100 टक्के. प्रत्येक फेरीनंतर चार जागी दोन फ्लँजमधली फट मोजा. एका बाजूला ती कमी भरत असेल तर तिथेच थांबा आणि समोरच्या बाजूचे बोल्ट थोडे आवळून फट सारखी करून घ्या. तिन्ही फेऱ्या झाल्या की त्याच 100 टक्क्यांवर बोल्ट ओळीने, गोल फिरत आवळा. एक बोल्ट आवळला की शेजारचा ढिला पडतो, म्हणून कुठलाही नट हलेनासा होईपर्यंत ही गोल फेरी चालू ठेवा.

आता निदान चार तास सांधा तसाच राहू द्या आणि पुन्हा एकदा गोल फेरी मारा. गॅस्केटचं सरकणं बहुतेक सुरुवातीच्या तासांतच होतं, ते भरून काढायची हीच वेळ. लाइन सुरू होऊन तापल्यानंतर तंतू-रबराच्या शीटला पुन्हा पाना लावू नका. उष्णतेने आतलं रबर कडक झालेलं असतं, त्यावर पुन्हा आवळलं की शीट तडकते. आणि दाबाखाली गळणारा सांधा चालू लाइनवर आवळायला जाऊ नका. आधीच कमकुवत झालेलं गॅस्केट त्या क्षणी फुटून उडू शकतं. लाइन बंद करा, दाब काढा, मग हात लावा.

सांध्यात नुसतं मऊ रबरी गॅस्केट असेल तर हे सगळं हलक्या हाताने करायचं. रबर दबून कमी होत नाही, बाजूला पसरतं. टॅपेट कव्हरवर जोर लावला तर रबर कडेने बाहेर येतं आणि तिथूनच तेल झिरपतं.

सिलिंडर हेडचं गॅस्केट

या गॅस्केटवर सगळ्यात कठीण काम असतं. एकाच पातळ पत्र्याला ज्वलनाचा दाब, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आणि इंजिन ऑइल एकमेकांपासून वेगळं ठेवायचं असतं, तेही लोखंडी ब्लॉक आणि अ‍ॅल्युमिनियमचं हेड वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावत असताना. हल्लीच्या इंजिनांत ते बहुधा स्टीलच्या अनेक थरांचं असतं, आणि त्याला फ्लँजपेक्षा खूपच गुळगुळीत तोंड लागतं.

हेड गॅस्केट गेल्याच्या खुणा अशा: बाहेर थेंब न दिसता कूलंट कमी होणं, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, इंजिन वारंवार तापणं. दुधट साय एकटीच दिसली तर घाई करू नका, थंड हवेत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती नुसत्या बाष्पानेही धरते. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका.

बसवताना हेड मध्यातून बाहेर या क्रमाने आवळतात, म्हणजे गॅस्केट कडेकडे सपाट होत जातं. अनेक इंजिनांत ठरावीक टॉर्क दिल्यावर पुढे ठरावीक अंश फिरवायचे असतात. ते बोल्ट मुद्दाम कायमचे ताणले जातील असे असतात आणि बहुतेक उत्पादक ते पुन्हा वापरायला मनाई करतात. टॉर्क, अंश, क्रम हे त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधूनच घ्या, दुसऱ्या इंजिनाचे आकडे लावू नका. ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांत तेल किंवा पाणी साचलेलं नको, नाहीतर बोल्ट आवळताना त्या द्रवाच्या दाबाने ब्लॉक तडकू शकतो. हेड वाकलेलं असेल तर नवीन गॅस्केटही फार टिकत नाही. इंजिन कशामुळे तापलं, ते कारण शोधल्याशिवाय हेड परत चढवू नका.

ट्यूबमधलं गॅस्केट

आरटीव्ही सिलिकॉन, म्हणजे ट्यूबमधून लावायचं पेस्टसारखं सिलिकॉन, हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं. सम्प, टायमिंग कव्हर अशा जागी उत्पादकाने सांगितलं असेल तर उत्तम. दोन्ही तोंडं तेलमुक्त करा, 2-3 मिलिमीटर जाडीची सलग रेघ बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने ओढा, वर साय धरायच्या आत जोडा आणि ट्यूबवर लिहिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत तेल भरू नका. जास्त लावलं की जास्त चांगलं असं मुळीच नाही. आतल्या बाजूला दाबून निघालेली रबराची वळी तुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकते आणि तेलाअभावी इंजिन जातं. अ‍ॅनेरोबिक सीलंट उलट हवेशिवाय, धातूच्या दोन घट्ट तोंडांमध्ये घट्ट होतं आणि फक्त बारीक फटीतच चालतं. तयार कापलेल्या गॅस्केटवर वरून सिलिकॉन चोपडायची सवय सोडा, तेही शेवटी गॅस्केटला निसरडंच करतं.

निघालेलं गॅस्केट वाचा

जुनं गॅस्केट कचऱ्यात टाकण्याआधी पुसून उजेडात धरा आणि कडेने सात-आठ जागी जाडी मोजा. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ असेल तर आवळताना क्रम पाळला गेला नाही किंवा फ्लँज तिरप्या होत्या. फ्लँजच्या रेघांचा ठसा पुसट असेल तर जोर कमी पडला. पूर्ण चेपून कडा फाटल्या असतील तर जोर जास्त झाला किंवा शीट कमी ताकदीची निघाली. आतली कड फुगलेली, चिकट किंवा खाल्लेली दिसली तर साहित्य त्या द्रवाला चालणारं नव्हतं. सगळीकडे कडक आणि तडे पडलेलं असेल तर तापमान झेपलं नाही. एका जागी तुकडा बाहेर फेकला गेला असेल तर त्या जागेचा बोल्ट, तिथली फ्लँज आणि लाइनमध्ये अचानक दाबाचा धक्का बसतो का, हे तपासा.

वापरलेलं शीटचं किंवा स्पायरल वूंड गॅस्केट पुन्हा बसवू नका, दिसायला कितीही चांगलं असलं तरी. ते एकदा दबून फ्लँजच्या आकाराचं झालेलं असतं, दुसऱ्यांदा तसं दबत नाही. तांब्याचं वॉशर मात्र अडचणीच्या वेळी लालसर तापवून पाण्यात बुडवलं की पुन्हा मऊ होतं आणि सपाट असेल तर चालतं.

वाचून झालं की जुनं गॅस्केट एका पिशवीत घाला आणि सोबत चिठ्ठी ठेवा: कुठला सांधा, आत काय वाहतं, कमाल तापमान आणि दाब, शीटचं नाव आणि जाडी, बोल्टला कुठलं वंगण, किती टॉर्क, कुठल्या तारखेला बसवलं आणि कुठल्या तारखेला काढलं. पुढची शीट मागवताना ही पिशवी पुरवठादारासमोर ठेवा.